आधी दारावरचा आकडा, मग पंपावरची हवा : घरच्या गाडीच्या टायरची हवा बरोबर कशी ठेवावी

"ताई, किती टाकू?"

"टाक तीस. सगळीकडे."

बारा वर्षं मी पंपावर हेच उत्तर देत आले. साताऱ्यात शाहूपुरीतून निघायचं, वाटेत पंपावर थांबायचं, तीस म्हणायचं आणि निघायचं. तीसच का, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही.

मग एका मे महिन्यात गुहागरहून परत येत होतो. गाडीत सात माणसं, डिक्कीत आंब्याच्या दोन पेट्या आणि नारळांचं पोतं. कुंभार्ली घाट चढून, कोयनानगर मागे टाकून पाटणला चहाला थांबलो. लेकाचा चेंडू मागच्या चाकापाशी गेला, तो काढताना माझा हात टायरला लागला आणि चटका बसला. बाकीच्या तिन्ही टायरना हात लावून पाहिला, ते नुसते गरम होते. हा एकटा भाजत होता. दिसायला मात्र चारही सारखे. जवळच्या पंक्चरवाल्याने मीटर लावला तर २२ भरले. बारीक खिळा रुतला होता. त्याने टायर रिमवरून उतरवला तेव्हा आतून मूठभर काळी भुकटी निघाली. "ताई, आतून दळला गेलाय हा. आता परत बसवू नका," तो म्हणाला. तशीच गाडी महामार्गाला लागली असती, कऱ्हाडच्या पुढे वेग वाढला असता, तर काय झालं असतं या विचाराने त्या रात्री मला झोप आली नाही.

तेव्हापासून आमच्या गाडीची हवा मी स्वतः मोजते. कठीण काहीच नाही. पण क्रम पाळावा लागतो, आणि त्यातली एक गोष्ट अशी आहे की ती कळल्याशिवाय बाकी सगळं करूनही आकडा चुकतो. पंपावर मोजलेली हवा ही टायरची खरी हवा नसते. खरी हवा सकाळी, घरी, गाडी हलवण्यापूर्वी कळते.

तुमच्या गाडीचा आकडा शोधा

चालकाचा दरवाजा उघडा. दरवाजा जिथे बंद होतो त्या खांबावर, सीटबेल्टच्या खालच्या बाजूला, एक छोटं स्टिकर असतं. काही गाड्यांत ते दरवाजाच्या कडेवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतं. जुनी गाडी असेल, धुऊन धुऊन स्टिकर निघालं असेल, तर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात तोच तक्ता सापडतो. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर हे पुस्तक मागून घ्याच.

स्टिकरवर टायरचा साइज असतो, पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे वेगवेगळे दिलेले असतात, आणि बऱ्याच गाड्यांत दोन रकाने असतात. एका रकान्यात दोन-तीन माणसांचं चित्र, दुसऱ्यात भरलेली गाडी आणि बॅग. म्हणजे एका गाडीचा आकडा एक नसतो. दोन असतात, कधी चार. आमच्या गाडीच्या स्टिकरवर हा दुसरा रकाना आहे हे मला बारा वर्षांनी दिसलं.

आकडे पीएसआयमध्ये, म्हणजे पंपावर हवेचा दाब ज्या मापात मोजतात त्यात असतील तर पंपावर तेच सांगायचे. काही स्टिकरवर केपीए हे दुसरं माप असतं, २३० किंवा २५० असे मोठे आकडे. त्यांना ७ ने भागा. २३० चे झाले ३३, २५० चे ३६. बारमध्ये असेल तर साडेचौदाने गुणा, २.३ बार म्हणजे पुन्हा ३३. स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि घरात जो जो गाडी चालवतो त्याला पाठवा.

टायरवर छापलेला आकडा भरायचा नसतो

टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत 'मॅक्स' या शब्दापुढे ४४ किंवा ५१ पीएसआय असा आकडा बऱ्याच वेळा दिसतो. तो वाचून, टायर कंपनीनेच सांगितलंय म्हणून, लोक ४४ भरून घेतात. तो आकडा टायरच्या सहनशक्तीची शेवटची मर्यादा आहे. टायर कंपनीला तो टायर कुठल्या गाडीला लागणार हे माहीत नसतं. एकाच साइजचा टायर एका हलक्या गाडीलाही बसतो आणि एका जड गाडीलाही. वजन किती, ते पुढे किती आणि मागे किती, स्प्रिंगा कशा, हे गाडी बनवणाऱ्याला माहीत असतं, म्हणून त्याचा आकडा धरायचा.

टायरवरच्या बाकी खुणा मात्र वाचायला शिका. समजा १८५/६५ आर १५ ८८ एच असं लिहिलंय. रुंदी १८५ मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल (टायरच्या आतल्या धाग्यांची एक रचना), रिम १५ इंची. पुढचे ८८ हा वजनाचा सांकेतिक अंक आहे, एका टायरने ५६० किलो पेलायचे. ८२ असेल तर ४७५ किलो, ९१ असेल तर ६१५. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. हे वजन टायर पेलतो ते रबराच्या जोरावर नव्हे, आतल्या हवेच्या जोरावर. हवा उतरली की पेलण्याची ताकदही उतरते, छापलेले ५६० किलो मग कागदावरच राहतात.

टायर बदलताना दुकानदार थोडा रुंद टायर सुचवतो. साइज बदललात तर दारावरचा आकडा जसाच्या तसा लागू होईल असं नाही, आणि वजनाचा अंक तर मूळ टायरपेक्षा कमी असताच कामा नये. माझं मत विचाराल तर घरच्या गाडीला मूळ साइजच बरा.

मोजायची वेळ : सकाळ

स्टिकरवरचे आकडे थंड टायरचे असतात. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी आहे, किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर हळू चालली आहे. टायर फिरताना वाकतो, सरळ होतो, तापतो, आणि आतली हवा फुगते. अर्धा-पाऊण तास महामार्गावर गेल्यावर मीटर तीन ते पाच पीएसआय जास्त दाखवतो. बाहेरच्या हवेचाही परिणाम होतो. दर १० अंशांना साधारण दीड ते दोन पीएसआयचा फरक पडतो.

आता पंपावर काय होतं ते बघा. तुमचा आकडा ३३. टायरमध्ये सकाळी खरी हवा २९ होती. तुम्ही साताऱ्याहून निघालात, आनेवाडीच्या पुढे जाऊन पंपावर थांबलात. टायर तापलेले, मीटर म्हणतो ३३. मुलगा म्हणतो, "बरोबर आहे ताई." तुम्ही समाधानाने निघता, आणि टायर तसाच चार पीएसआय उपाशी. याहून वाईट म्हणजे सकाळी बरोबर ३३ असलेल्या टायरला तापल्यावर मीटर ३६ दाखवतो आणि मुलगा तीन पीएसआय काढून टाकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी थंड झाली की टायर तीनने कमी. तापलेल्या टायरमधून हवा कधीही काढू नका. प्रवासात आकडा वाढणं हे गृहीत धरूनच स्टिकरवरचा आकडा ठरवलेला असतो.

ऊन चढायच्या आधी मोजा. आमच्या दारात पूर्वेकडची दोन चाकं आठ वाजता उन्हात येतात आणि सावलीतल्या दोघांपेक्षा एक-दीड जास्त दाखवायला लागतात. म्हणून मी सातच्या आत मोजते.

मीटर स्वतःचा घ्या

पंक्चरच्या साहित्याच्या किंवा ऑटो स्पेअरच्या दुकानात हवेचा मीटर मिळतो. पेनासारखा, काट्याचा आणि डिजिटल, असे तीन प्रकार. पेनाचा स्वस्त पण वाचायला अवघड. काट्याचा चांगला टिकतो, मात्र तो आपटला की बिघडतो. मला डिजिटल सोयीचा वाटतो, कारण सासरे चष्म्याशिवायही तो वाचतात. घेतल्यावर एकदा ओळखीच्या चांगल्या टायर दुकानात त्यांच्या मीटरशी ताडून बघा. एखाद्याचा फरक असेल तर लक्षात ठेवा आणि पुढे तोच मीटर वापरत राहा. रोज वेगळ्या मीटरने मोजण्यापेक्षा एकच मीटर कायम वापरलेला चांगला.

मोजायची रीत साधी. व्हॉल्व्हची टोपी काढून खिशात टाका, खाली ठेवली की ती हरवते. मीटरचं तोंड व्हॉल्व्हवर सरळ, घट्ट आणि एकदम दाबा. फुस्स आवाज येत राहिला तर ते तिरकं बसलंय, आकडा खोटा येईल. दोनदा मोजा. दोन्ही वेळा सारखा आला तर लिहा. चारही चाकं आणि स्टेपनी, असे पाच आकडे.

आणि लाथ मारून किंवा नुसतं बघून अंदाज करायचा नाही. रेडियल टायर पूर्ण हवेतही खाली थोडा फुगलेला दिसतो. ३३ आणि २५ मधला फरक मुरलेल्या ड्रायव्हरच्या डोळ्यालाही नीट दिसत नाही. पाटणला मलाही दिसला नव्हता.

घरी मोजा, फरक काढा, पंपावर फरक भरा

ज्यांच्या घरी १२ व्होल्टच्या सॉकेटला लागणारा छोटा कंप्रेसर आहे त्यांचं काम दारातच संपतं. आकडा लावायचा, बटण दाबायचं. पाच-सात मिनिटं गाडी चालू ठेवावी, म्हणजे बॅटरी उतरत नाही. मात्र बंद गॅरेजमध्ये असं करू नका, धूर कोंडतो. गाडी मोकळ्या हवेत काढा.

बाकीच्यांनी हे करावं. सकाळी घरी मोजून कागदावर लिहा. समजा सगळीकडे ३३ हवे आहेत आणि निघाले ते असे : पुढचा डावा ३०, पुढचा उजवा ३१, मागचे दोन्ही २९. मग कमतरता झाली ३, २, ४ आणि ४. हे चार आकडे घेऊन पंपावर जा. तिथे पोचेपर्यंत टायर थोडे तापले असतील आणि मीटर पुढच्या डाव्याला ३२ दाखवेल. त्यात तुमची कमतरता मिळवा, ३२ अधिक ३ म्हणजे ३५. पंपावरच्या मुलाला सांगायचं, "ह्याला ३५ कर." मागच्या चाकाने ३१ दाखवले तर त्याला ३५. पंपावर दिसणारा आकडा काहीही असो, घरी जेवढी कमी भरली तेवढीच हवा वर घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलंत तर सगळीकडे ३३ च्या आसपास मिळेल. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी लेकाला दाखवायला बाहेर बोलावलं होतं.

एका पीएसआयने इकडेतिकडे झालं तर घाबरू नका. थोडी जास्त झालेली चालते, कमी नको. पण एकाच जोडीची, म्हणजे पुढची दोन्ही किंवा मागची दोन्ही, सारखी हवीत. डावं ३० आणि उजवं ३४ असेल तर ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढते.

डिजिटल मशीनवर आधीच्या गाडीचा आकडा लावलेला असतो. तुमच्या आधी मालवाहू टेम्पो येऊन गेला असेल तर मशीन ५० लाच लावलेलं असेल. नळी लावण्याआधी पडद्यावर बघा, आणि गाडीतून उतरून उभे राहा. पेट्रोल पंपावर हवा मोफत देणं पंपाला बंधनकारक आहे, त्यामुळे पेट्रोल भरलं नाही तरी संकोच करू नका. शेवटी टोप्या परत बसल्या ना, हे स्वतः पाहा. टोपी धूळ आणि चिखल अडवते. प्लास्टिकची साधी टोपीच चांगली, धातूच्या शोभेच्या टोप्या पावसाळ्यात गंजून व्हॉल्व्हला चिकटतात.

माणसं किती, सामान किती

आठवडाभर आमच्या गाडीत मी आणि लेक असे दोघंच, शंभरेक किलो. सुट्टीत सात माणसं आणि सामान मिळून साडेचारशे-पाचशे किलो होतं. गाडी तीच, पण टायरवरचं काम पार वेगळं. म्हणून तो दुसरा रकाना.

इथे एक गोष्ट मला उशिरा कळली. माणसं बसल्यावर मीटरवरचा आकडा जवळजवळ वाढत नाही. टायर खाली जास्त चपटा होतो आणि रस्त्याला जास्त टेकतो, पण आतली हवा तेवढीच आणि दाबही साधारण तेवढाच राहतो. त्यामुळे भरलेल्या गाडीला हवा कमी पडतेय हे मीटर सांगणार नाही. ते तुम्हालाच ठरवायचं असतं, आणि आदल्या दिवशी भरायचं असतं.

मागच्या चाकांकडे विशेष लक्ष द्या. खटावकडच्या गावातून परत येताना सासूबाई डिक्कीत शाळूचं पोतं ठेवतात. ते ५० किलो, म्हणजे आणखी एक माणूस. शिवाय डिक्की मागच्या चाकांच्याही मागे असते, त्यामुळे तिथलं वजन मागच्या चाकांवर पुरेपूर पडतं आणि पुढची बाजू थोडी उचलली जाते. स्टीअरिंग हलकं वाटायला लागतं ते त्यामुळे. स्टिकरच्या भरलेल्या गाडीच्या रकान्यात मागच्या चाकांचा आकडा पुढच्यापेक्षा बराच जास्त असतो, त्यामागे हेच कारण आहे. शक्य असेल तर जड पोतं मागच्या सीटच्या पाठीला टेकवून, म्हणजे जेवढं पुढे सरकेल तेवढं पुढे ठेवा. वर कॅरिअर लावून बॅगा बांधल्या असतील तर त्यांचंही वजन धरा.

मांढरदेवीला, पालीला, किंवा लग्नाला गाडी भरून जायची असेल तर आदल्या सकाळी भरलेल्या रकान्याप्रमाणे हवा. परत आल्यावर पुन्हा रोजच्या आकड्यावर. रिकाम्या गाडीत जादा हवा राहिली तर मागची बाजू खड्ड्यात उडते आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. स्टिकरवर एकच रकाना असेल तर गाडी रिकामी असो की भरलेली, त्यातलेच आकडे, स्वतःच्या मनाने वाढवायचा नाही.

घरातल्या स्कूटरलाही हाच नियम आहे. एकट्यासाठी आणि मागे कोणी बसलेलं असताना, मागच्या चाकाचे दोन वेगळे आकडे असतात.

ऊन, थंडी, घाट, पाऊस

"उन्हाळ्यात हवा दोन-चार कमी ठेवा, नाहीतर टायर फुटतो." हे मी साताऱ्यात इतक्या जणांकडून ऐकलंय की एकेकाळी मीही ते लोकांना सांगत होते. हे उलटं आहे. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त वाकल्यामुळे जास्त तापतो, आणि तापून तापून कडेचे थर सुटतात. एप्रिलच्या दुपारी तापलेल्या रस्त्यावर, भरल्या गाडीत, वेगात, टायर फुटण्यामागे बहुतेक वेळा कमी हवा, जास्त वजन किंवा जुना टायर यातलं काहीतरी असतं. बरोबर भरलेल्या चांगल्या टायरमध्ये उन्हाने वाढलेले चार-पाच पीएसआय तो सहज सोसतो. उन्हाळ्यातही आकडा तोच, मोजायची वेळ तीच.

थंडीत मात्र काळजी वेगळी. ऑक्टोबरमध्ये काटेकोर भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे, पारा १२-१३ अंशांवर आला की, दीडएकने कमी दिसते. शिवाय चांगल्या टायरमधूनही महिन्याला साधारण एक पीएसआय झिरपतच असतो. दोन्ही मिळून आकडा चटकन खाली येतो. दिवाळीनंतर एकदा आणि संक्रांतीच्या आसपास एकदा आवर्जून मोजा.

नव्या गाड्यांत हवा कमी झाली की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. महाबळेश्वरला मुक्काम केला, सकाळी गाडी काढली, दिवा लागला, आणि मेढ्यापर्यंत येताना विझला, असं होतं तेव्हा लोक म्हणतात सेन्सर बिघडला. बिघडलेला नसतो. थंड असताना हवा खरोखर कमी होती, तापल्यावर फुगून ती रेषेच्या वर आली. अशा वेळी साताऱ्याला पोचल्यावर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मोजा. बऱ्याच गाड्यांत हा दिवा हवा पाव भागाने उतरल्यावरच लागतो, म्हणजे ३३ ची २५ झाल्यावर. दिव्याच्या भरवशावर मोजणं सोडू नका. आणि चाकांचा वेग बघून अंदाज करणारी व्यवस्था तुमच्या गाडीत असेल तर हवा भरल्यावर पुस्तकात दिल्याप्रमाणे ती रीसेट करावी लागते, नाहीतर ती जुन्या, चुकीच्या हवेलाच बरोबर धरून बसते.

उंचीचंही विचारतात. सातारा साधारण ७४० मीटरवर, महाबळेश्वर १३५० च्या आसपास. वर गेल्यावर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे मीटर सुमारे एक पीएसआय जास्त दाखवतो. पण वर थंडीही असते, ती तेवढंच खाली ओढते. आमच्या घाटांसाठी हवा कमी-जास्त करायची गरज नाही.

घाट उतरताना खरी परीक्षा असते. पसरणी घाट किंवा आंबेनळी उतरताना वजन पुढच्या चाकांवर येतं, ब्रेक तापतात, त्यांची उष्णता रिममधून टायरला लागते. पुढच्या चाकांत हवा कमी असेल तर वळणावर स्टीअरिंग उशिरा उत्तर देतं, गाडी बाहेरच्या कडेला सरकू बघते. खालच्या गिअरमध्ये उतरा, म्हणजे ब्रेकवर ताण येत नाही. आणि घाट उतरल्या उतरल्या वाईत हवा तपासायला थांबू नका, त्या क्षणी कुठलाही आकडा खरा नसतो. हात मात्र लावून पाहा, टायरच्या कडेला, रिमपासून दूर. एखादा बाकीच्यांपेक्षा फारच तापलेला असेल तर त्याच्यात हवा कमी असण्याची शक्यता मोठी.

पावसाळ्यात, विशेषतः कासला किंवा ठोसेघरला जाताना, पकड वाढावी म्हणून हवा कमी करणारेही असतात. चिखलात रुतलेल्या जीपला बाहेर काढायची ती युक्ती आहे, डांबरी रस्त्याची नव्हे. साचलेल्या पाण्यावरून जाताना टायरच्या खाचांनी पाणी बाजूला फेकलं पाहिजे. हवा कमी असली की टायरचा मधला भाग आत दबतो, खाचा आवळल्या जातात आणि गाडी कमी वेगातच पाण्यावर तरंगू लागते. शिवाय पावसाळ्यातल्या खड्ड्यात कमी हवेचा टायर रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात चिमटतो, आतले धागे तुटतात आणि कडेला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. तो काढायचाच.

नायट्रोजनबद्दल थोडक्यात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नुसता नायट्रोजन भरला तर तो थोडा हळू झिरपतो, त्यात ओलावा नसतो, एवढाच फायदा. तापल्यावर तोही जवळपास तेवढाच फुगतो. भरायला हरकत नाही, पण नायट्रोजन आहे म्हणून मोजायचं सोडू नका, आणि वाटेत कमी पडला तर साधी हवा बेलाशक भरा. नायट्रोजनचा पंप शोधत कमी हवेवर वीस किलोमीटर जाणं धोक्याचं.

स्टेपनी

स्टेपनी मी दोन वर्षं तपासली नव्हती. पाटणला ती काढली तेव्हा तिच्यात १८ निघाले. नशिबाने पंक्चरवाला समोरच होता. स्टेपनीत नेहमी स्टिकरवरच्या सगळ्यांत मोठ्या आकड्याएवढी हवा ठेवा, कारण ती कुठल्या चाकाला लागेल हे माहीत नसतं, आणि काढून कमी करणं रस्त्यात सोपं, भरणं अवघड. बारीक, सायकलच्या चाकासारखी दिसणारी स्टेपनी असेल तर तिच्यावरचं वाचा. तशा स्टेपनीला बहुधा ६० पीएसआय लागतात आणि ताशी ८० च्या वर तिच्यावर जायचं नसतं.

टायर काय सांगतोय ते बघा

दोन-तीन महिन्यांतून एकदा स्टीअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरच्या खाचा बघा. दोन्ही कडा घासल्या आणि मधला भाग शाबूत असेल तर हवा बरेच दिवस कमी होती. मधली पट्टी गोटा झाली आणि कडा चांगल्या असतील तर हवा जास्त होती. एकच कड घासली असेल तर तो हवेचा दोष नाही, अलाइनमेंट करून घ्या. उंचसखल, लाटांसारखं घासलं असेल तर बॅलन्सिंग आणि शॉकअप बघायला सांगा. खाचांच्या तळाशी मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. टायर त्यांच्या पातळीला आला की तो संपला. आमच्याकडच्या पावसाचा विचार करून मी त्याच्या बरंच आधी बदलते.

टायर नवीन दिसत असला तरी त्याचं वय वाचा. कडेवर लंबगोलात चार अंक असतात, २३२२ म्हणजे २०२२ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या. खाचा शिल्लक असल्या तरी रबर कडक होतं, भेगा पडतात, आणि अशा टायरला बरोबर हवाही वाचवत नाही.

एकच चाक सारखं उतरत असेल तर

माझ्या गाडीच्या कप्प्यात एक लहान वही आहे. दर पंधरा दिवसांनी तारीख, पाच आकडे आणि शेजारी किलोमीटर. सगळी चाकं सारखी उतरत असतील तर तो ऋतूचा आणि झिरपण्याचा परिणाम. पण एकच चाक बाकीच्यांपेक्षा दोन-तीनने जास्त उतरलेलं दिसलं, तर तिथे काहीतरी आहे.

भांड्याच्या साबणाचं पाणी करून त्या चाकावर टाका. आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर, मग त्याच्या बुडाशी, मग टायर आणि रिमच्या सांध्यावर गोल फिरवत, शेवटी खाचांमध्ये. जिथे बुडबुडे येत राहतील तिथून हवा जातेय. व्हॉल्व्हच्या तोंडातून येत असतील तर आतली पिन घट्ट करायची किंवा बदलायची, पाच मिनिटांचं काम. बुडाशी येत असतील तर रबरी व्हॉल्व्हच बदला. नवीन टायर घालताना तो दरवेळी नवीन घालूनच घ्यावा. सांध्यातून येत असतील तर रिम गंजलंय किंवा खड्ड्यात वाकलंय. खाचांत खिळा दिसला तर घरी उपटू नका, तो बूच बनून बसलेला असतो. हवा भरा आणि हळू चालवत पंक्चरवाल्याकडे न्या. कडेला पंक्चर असेल तर दुरुस्ती नको. खाचांमधल्या पंक्चरला टायर उतरवून आतून मशरूम पॅच, म्हणजे छत्रीच्या आकाराचं रबरी ठिगळ, लावून घेतलेला मला बरा वाटतो, बाहेरून स्ट्रिप (रबरी पट्टी) घालण्यापेक्षा. उतरवल्यामुळे टायर आतून बघताही येतो. तेव्हा हात फिरवून काळी भुकटी लागते का ते पाहा. लागली, तर पॅच कितीही चांगला बसला तरी तो टायर परत घालू नका.

पाटणनंतर सहा महिन्यांनी वहीत पुढचं उजवं चाक सलग तीन वेळा दोनने मागे दिसलं. साबणाचं पाणी टाकलं, व्हॉल्व्हच्या बुडाशी मोहरीएवढे बुडबुडे आले. दुसऱ्या दिवशी शाळेत जाता जाता व्हॉल्व्ह बदलून घेतला.